पाठराखण

कुंभार्ली घाटाच्या चढावर गाडी पुन्हा बंद पडली. मागच्या सीटवर सासूबाईंना धाप लागली होती, ओठ निळसर पडत चालले होते आणि कराडचं हॉस्पिटल अजून घाटापलीकडे होतं. मोबाइलला रेंज नव्हती.

मी चावी फिरवली. इंजिन सुरू झालं, दोन आचके देऊन गप्प झालं. पेट्रोल होतं, बॅटरी नवी होती. "चल ना गं बाई, चल की!" मी स्टिअरिंगवर मूठ आपटली. परत तेच आचके. मागून आईंचा श्वासही तसाच येत होता, अर्धवट, ओढून आणलेला.

ते दोन आवाज एकदम कानावर पडले आणि मी खाली उतरून बॉनेट उघडलं. गाडीलाही हवाच मिळत नसणार. इंजिनाला हवा नेणारी जाड नळी मी ओढून काढली आणि आत बोटं घातली. आत सरकून अडकलेली लाल फडक्याची पुरचुंडी हाताला लागली. ओढली तशी तिची गाठ सुटली आणि पिवळाधमक भंडारा हातावर सांडला. दसऱ्याला गाडीची पूजा आईंनीच केली होती.

पुरचुंडी ओढणीत कोंबून, नळी परत बसवून मी चावी फिरवली. गाडी निमूट चढ चढू लागली.

"बघ," आई धापा टाकत म्हणाल्या, "खंडोबाचा भंडारा आहे गाडीत. तू फेकशील म्हणून लपवून ठेवला होता मी."

पिवळ्या बोटांनी मी स्टिअरिंग घट्ट धरलं.

"नाही फेकणार, आई. तुम्ही फक्त श्वास घेत राहा."