भगीरथमामाच्या पाच चुका

"सर्चमध्ये माझ्या बायकोचं नाव टाका ना दादा. एकदा टाकून बघा," नामा म्हणाला.

दीपेशनं टाकलं. रविना, वैशाखरे, मुरबाड. सरकारी योजना आल्या, माळशेजची हॉटेलं आली. रविना कुठेच नाही.

"सात महिने हेच बघतोय. पत्ता टाकला का ती हरवल्याचं पान उघडतं. तुमच्या मामानं बनवलं, एक रुपाया नाय घेतला. देवमाणूस. पन फोन एक नाय आला कुनाचा."

मुरबाडचा हा नेट कॅफे भगीरथमामाचा. मामा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला कल्याणला गेला, म्हणून आठ दिवस रजा टाकून दीपेश आसनगावहून येऊन इथं बसत होता. एरवी तो अंधेरीला, वेबसाइटच्या कंपनीत. लोकांच्या साइट सर्चमध्ये वर आणायच्या, हेच त्याचं काम. साल २००८.

जाताना मामानं बजावलं होतं, "गिऱ्हाइकं सांभाळ. मी केलेल्या पानांना हात लावू नको."

म्हाताऱ्याचा मान दुखावतो, असं दीपेशला वाटलं होतं.

त्यानं पानाचा कोड उघडला आणि कपाळाला हात लावला. पानाला नावच नाही. जिथं 'रविना हरवली आहे' हवं, तिथं 'नवीन पान १'. मजकूर सगळा एका फोटोत, आणि फोटोतली अक्षरं सर्चच्या यंत्राला वाचता येत नाहीत. फोटोखालच्या दोन ओळी जुन्या मराठी फॉन्टमध्ये. डोळ्यांना मराठी, यंत्राला नुसता कचरा. कॅफेच्या मुख्य पानावरून इकडे यायला लिंक नाही. आणि कोडमध्ये सगळ्यात वर, खास यंत्रासाठी लिहिलेली एक ओळ: हे पान यादीत घेऊ नको.

ही पाचवी चूक बघून दीपेशला लाजच वाटली. साइट अर्धवट असताना पोरं ती ओळ टाकतात आणि काढायला विसरतात. नवशिकी पोरं. पण मामा? दीपेशला माउस धरायला याच माणसानं शिकवलं होतं.

"काय चुकलंय काय?" नामानं विचारलं.

"काय चुकलं नाही ते विचारा. याच्यापेक्षा एसटी स्टँडच्या भिंतीवर कागद चिकटवला असतात, तर चार माणसांनी वाचला तरी असता."

नामानं रुमालानं तोंड पुसलं. "चूक माझीच दादा. जरा बोललो तिला. संसारात होतं ना. तर निघूनच गेली. शिकलेली होती. लग्नाआधी तुमच्या मामाकडंच टायपिंगचा क्लास केला. लय फास्ट."

दीपेशनं खुर्ची पुढे ओढली. सात महिने हा माणूस दर सोमवारी मोटारसायकल हाणत येतोय, आणि आपल्या मामाच्या आळसापायी रिकामा परत जातोय.

त्यानं फोटोतला मजकूर पुन्हा टाइप केला, यंत्राला कळेल अशा अक्षरांत. नाव रविना. वय चोवीस. रंग सावळा. पुढचा दात अर्धा तुटलेला. पाठीवर भाजल्याचे डाग. डाव्या हाताला प्लास्टर.

"खुणा जेवढ्या जास्त तेवढं बरं," तो म्हणाला. "लोक काहीही टाकून शोधतात."

"मग लिहा, उजव्या भुवईवर टाके हायत. तीन."

दीपेशनं लिहिलं. पानाला नाव दिलं. सिद्धगडच्या ट्रेकची एक साइट त्याचा मित्र चालवायचा, भरपूर लोक बघायचे. तिथून लिंक घेतली. वरची ओळ शेवटी काढली. एका बोटाचं काम.

शुक्रवारी रविनाचं नाव टाकलं, तर पान सगळ्यात वर.

रविवारी दुपारी नामा पेढे घेऊन आला. बाहेर जीप चालूच ठेवलेली.

"दादा, फोन आला! ओतूरहून. झेरॉक्सच्या दुकानात कामाला हाय म्हनं."

"बोललात तिच्याशी?"

"नाय नाय. त्या मानसाला सांगितलं, तिला काय कळू देऊ नको. अचानकच जातो. दोघं भाऊ हायत बरोबर. घाट चढला का झालं."

त्यानं दीपेशला मिठी मारली. जीप माळशेजच्या रस्त्याला वळेपर्यंत दीपेश पायरीवर उभा होता. चार वर्षं बिल्डरांच्या साइट वर चढवल्या. आज पहिल्यांदा कामाचं काहीतरी हातून झालं होतं.

पाच वाजता मामा आला, काळा चष्मा लावून. दीपेशनं त्याच्या हातावर पेढा ठेवला.

"कशाचा रे?"

"नामाचा. सहा दिवसांत बायको सापडली त्याची. मामा, रागावू नका, पण तुमच्या पाच चुका होत्या त्या पानात." त्यानं बोटांवर मोजून दाखवल्या.

मामाचा हात तोंडाशी थांबला. "पाचवी पण काढलीस?"

"ती तर आधी काढायला हवी होती. एवढी साधी..."

"नामा कुठाय?"

"दुपारीच गेला. पोचला पण असेल."

मामानं चाचपडत फोन ओढला. नंबर त्याला बघावा लागला नाही. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिली.

"कुणाला लावताय?"

"त्या खुणा तूच टाइप केल्यास ना?" मामानं विचारलं. "सगळ्या?"

"हो."

"आता वाच."

दीपेश स्क्रीनकडे वळला. दात. पाठ. हात. भुवई. शेवटच्या ओळीवरून त्याची नजर पुन्हा पहिल्या ओळीवर गेली.

मामाच्या कानाला फोन तसाच होता. "नाही म्हटलं असतं, तर त्यानं दुसरीकडं बनवून घेतलं असतं. तो इथं पान मागायला आला, तेव्हा ती आतल्या खोलीत होती. चार चुका मी केल्या. पाचवी ओळ तिनं स्वतः टाइप केली. एका हातानं."