पुसूनही न सुटलेली जागा

कॉम्प्युटरची डिस्क गच्च भरली, म्हणून सूनबाईने मला न विचारता ह्यांच्या आवाजाची सगळी रेकॉर्डिंगं पुसली. आता ह्यांचा आवाज कुठेच उरला नव्हता.

"आई, गेलेल्या माणसाने किती जागा अडवायची?"

"ते होते तेव्हाही तुला खुपायचेच."

पण जागा सुटेना. "पुसलेली फाइल एखाद्या प्रोग्रॅमने उघडी धरली असेल, तर असं होतं," ती म्हणाली आणि एका फोल्डरमध्ये शिरली. तिथल्या फाइली म्हणे आभासी. डिस्कवर त्या नसतातच. मशीन या घडीला काय करतंय, तेवढं दाखवतात.

फाइल धरणाऱ्याच्या जागी ह्यांचं नाव होतं.

तिने प्रोग्रॅम बंद केला. तो आपोआप पुन्हा सुरू झाला.

"फाइल वाढतेय," ती पुटपुटली. "रेकॉर्डिंग चालू आहे."

तिने शेवटचा तुकडा लावला. शब्द नव्हते, नुसते श्वास होते. एक तिचा, एक माझा आणि तिसरा तिच्या कानापाशी. जन्मभर मी त्या श्वासाशेजारी झोपले. हे संतापले की तो असाच लांबायचा.

सूनबाई मागे वळू लागली. मी तिला अडवलं नाही.