हद्दीचा दगड

या उन्हाळ्यात सातव्यांदा वणवा पेटला आणि या वेळी थेट आमच्या घरांकडे उतरू लागला. आमच्याकडे आग विझवतात ती गावातलीच माणसं, तीही बिनपगारी, आणि त्यांची म्होरकी माझी सून. धाकटी जाऊ त्यांना 'फुकटे बंबवाले' म्हणून हिणवायची.

"आई, वणवा पोचायच्या आत मधला एक पट्टा आपणच जाळून टाकू, म्हणजे त्याला पुढं खायला काही उरणार नाही," सून म्हणाली. "ओढ्याकाठचा जाळू, की काकूंच्या कुंपणाचा?"

त्या झुडपांच्या कुंपणाकडे बघून मी वीस वर्षं दात-ओठ खाल्लेत. जावेनं ते आमच्या जमिनीत चार पावलं घुसून लावलं, हे सांगून सांगून तोंड दुखलं माझं. पण हद्दीचा दगड गवतात गडप, पुरावा आणू कुठून?

"कुंपण," मी म्हटलं. "मुळासकट जाळ."

वणवा तिथंच अडला, दोन्ही घरं वाचली. मी लगेच राखेत दगड शोधायला गेले आणि सापडलाही. कुंपणाच्या अलीकडे, आमच्या बाजूला, मोजून चार पावलं आत. म्हणजे घुसलो होतो ते आम्हीच.

तेवढ्यात जाऊ रडत आली. "ताई, तुमच्या सुनेनं घर राखलं हो माझं! उठा, गळ्यात पडू द्या."

"इथूनच बोल," मी म्हटलं.



बुडाखाली दगड तव्यासारखा तापलेला होता, पण उठायची सोय नव्हती.