न धुतलेली बरणी

सरूने काढ्याच्या बरणीला हात लावला मात्र, तिच्या सासूबाई कृष्णाबाई ओसरीवरूनच कडाडल्या, "गो सरू, ठेव ती! सगळं गाव बघतंय."

सरूने हात मागे घेतला. दुसऱ्या दिवशी रोह्याहून सरकारी माणसं काढ्याचा नमुना न्यायला येणार होती. कुठल्याशा गावात झाडपाल्याच्या औषधाने मुलं आजारी पडली होती, तेव्हापासून तपासणी सुरू झाली होती. नमुन्यात जंतू सापडले की काढा बंद, आणि निडीतल्या या घराचं नावही गेलं.

आणि नाव काही साधंसुधं नव्हतं. मुलांच्या पोटदुखीवर कृष्णाबाईंचा काढा न्यायला पेणपासूनची माणसं निडी स्टेशनात उतरत. सुंठ, ओवा, वावडिंग काय, कुणीही उकळेल. पण यांची बरणी म्हणे आजेसासूच्या काळापासून धुतलेली नाही. जुन्याचा तळ ठेवूनच नवा काढा ओतायचा. बरणीवरच्या काळ्या ओघळांना आयाबाया हात जोडत.

काढा करायचा तोही ओलेत्याने. पहिली मुलगी हौसा तान्हेपणी जुलाबाने गेली, तेव्हापासून कृष्णाबाई आंघोळीचा हंडा घेऊन मागच्या खोलीत शिरत आणि कडी घालून घेत. पोर गेली नि बाई देवधर्माला लागली, असं गाव म्हणे.

लग्नाआधी सरू एका कंपनीच्या लॅबमध्ये कामाला होती. काचेच्या बशीत जंतू कसे माजतात ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. आपल्या तान्ह्या सगुणाला तिने या काढ्याचा थेंबही दिला नव्हता. सासूच्या ते ध्यानात आलं असणारच, पण त्यांनी कधी आग्रह केला नाही.

"आई, एकदा धुवून घेऊ या," सरू कळवळून म्हणाली. "घराचं नाव जाईल हो."

"नेऊ दे त्यांना नमुना. माझ्या काढ्याला कोण नाव ठेवतंय, बघतेच मी."

त्या दिवशी कृष्णाबाई बरणीपासून हलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी नमुना गेला. सरूला अन्न गोड लागेना.

निकाल आला तो शेजारचा केरू ओरडतच घेऊन आला. "काकी, नमुना साफ! जंतू नाय सापडले! न धुतलेल्या बरणीत, बोला!"

अंगण भरलं, पेढे आले. कृष्णाबाई ताठ मानेने ओसरीवर बसल्या. सरूचाही ऊर भरून आला. असं घर मिळालं म्हणून तिला अभिमान वाटला. फक्त हे झालं कसं, ते तिला काही केल्या कळेना.

काढ्याचा पुढचा दिवस आला तेव्हा कृष्णाबाईंनी सगळ्यांसमोर तिला हाक मारली. "आजपासून बरणी सरूची. माझे हात थकले."

सरूच्या डोळ्यांत पाणी आलं. पण लगेच मनात आलं, तळातला जुना काढा नव्यात मिसळून लोकांच्या लेकरांना द्यायचा, आणि तोही आपल्या हाताने?

मागच्या खोलीत शिरल्यावर कृष्णाबाईंनी कडी घातली. तळातला काढा त्यांनी सरळ मोरीत ओतून दिला आणि हंडा चुलीवर चढवला.

"पानी खळखळ उकळलं की आतून दोनदा धुवायची," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "हौसा गेली तवापासून एकदा पण चुकले नाय मी. बाहेरचे ओघळ तेवढे पुसू नको."