लाल दिव्याला उजवीकडे

"एक चूक झाली की गाडीची किल्ली माझी," चर्चला निघतानाच जोलीनने ब्याऐंशी वर्षांच्या वडिलांना बजावलं होतं. चौकात दिवा लाल होता. ओहायोत लाल दिव्यालाही क्षणभर थांबून, डावीकडून येणारी वाट मोकळी पाहून उजवीकडे वळता येतं. वडील मात्र थांबले ते थांबलेच. मागचा ट्रकवाला हॉर्नवरचा हात काढेना. "ओ आजोबा, घोरताय का?" तो ओरडला. "बाबा, डावीकडे चिटपाखरूसुद्धा नाहीये. वळा ना आता! नियमही विसरलात?" जोलीन म्हणाली. वडिलांचा पाय ब्रेकवरून हलला नाही. तेवढ्यात उजवीकडून एक बाई बाबागाडी ढकलत बंपरला घासून गेली. जोलीनने झटकन मान वळवली. तिने उजवीकडे पाहिलंच नव्हतं. दिवा हिरवा झाल्यावरच वडील वळले. "चुकलं माझं, बाबा," ती म्हणाली. "बरं झालं, तुम्हाला ती दिसली." वडिलांनी गाडी कडेला लावली, किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली. "कोण गं?"