उजवी बाजू

बंदरावरच्या संग्रहालयात आमची जुनी होडी पालथी ठेवली आहे. तिची डावी बाजू दादाने बांधली, उजवी मी. लोक फोटो काढतात तेही डावीकडूनच.

तेव्हा बाबा आत बसून फळ्या तपासायचे. दादाने बाहेरून ठोकलं की आतून तीनदा टकटक करायचे, म्हणजे शाब्बास. माझे खिळे मात्र आतून हाणून बाहेर काढायचे.

बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. आज डागडुजीला आलो आणि सहज दादाच्या फळीवर ठोकलं.

आतून तीनदा टकटक झाली.

वर गेले तरी लाडका तोच! मी चिडून माझ्या फळीवर ठोकलं. “बाबा, ही माझी. बघा तरी!”

मग माझ्या डोळ्यांदेखत एकेक खिळा बाहेर येऊ लागला.