समासात गिरवलेलं

"समासात सगळीकडं गिरवलंय. ही चाळीस पुस्तकं रद्दीत काढा," तपासणीला आलेले साहेब म्हणाले.

"विडी कारखान्यातल्या बायका त्यांतच लिहायला शिकल्या," ग्रंथपालबाई म्हणाल्या.

"वह्या नव्हत्या?"

"घरी वही नेली की सासू चुलीत घालायची. वाचनालयाच्या पुस्तकाला मात्र भ्यायची."

पुस्तकं रद्दीत काढायला एका जुन्या सभासदाची संमती लागायची. सत्तरीच्या नरसम्मा दिसताच साहेबांनी कागद पुढं केला, शाईचा पॅड उघडला. "आजी, इथं अंगठा."

नरसम्मांनी पॅड बंद केला. साहेबांच्याच खिशातलं पेन काढून सही केली आणि वर लिहिलं: नामंजुर.

"जू दीर्घ असतो," साहेब पुटपुटले.

"असं?" नरसम्मांनी उकार खोडून दुसरा काढला, त्याचं शेपूट पार कागदाबाहेर ओढलं. "घे. आता पक्कं नामंजूर."